शरदात पुण्याची पानं गळत नाहीत

सप्टेंबर सरत आला की पुण्यातल्या बऱ्याच शाळांच्या फळ्याशेजारी एक झाड लागतं. खोड तपकिरी कागदाचं, पानं लाल, केशरी, पिवळी आणि बुंध्याशी त्याच पानांचा सडा. कुठे सोबत भोपळा असतो, कुठे खारूताई. हे झाड इंटरनेटवरून छापून घेतलेल्या वर्कशीटमधून येतं. पोरं ते रंगवतात, हौसेनं रंगवतात, आणि मधल्या सुट्टीत ज्या मैदानावर धावतात तिथले पर्जन्यवृक्ष, कडुनिंब, पिंपळ चार महिने पाणी पिऊन हिरवेगार उभे असतात. एकाही मुलाला हा विरोध खटकत नाही, कारण भिंतीवरचं शाळेचं आणि बाहेरचं खेळाचं, अशी वाटणी त्यानं कधीच करून टाकलेली असते.

युरोप-अमेरिकेतलं झाड त्या काळात पानं टाकतं, ते येणाऱ्या थंडीच्या भयानं. लंडनमध्ये डिसेंबरात दिवस जेमतेम आठ तासांचा उरतो, जमिनीतलं पाणी गोठू लागतं, आणि मोठालं पान सांभाळणं झाडाला परवडत नाही. दिवस आखडू लागले की झाड पानातलं हरितद्रव्य मोडून कामाची द्रव्यं आत ओढून घेतं. मग आधीपासून दडलेला पिवळा रंग उघडा पडतो, काही झाडांत लाल रंग नव्यानं तयार होतो. पुण्याचा सगळ्यांत लहान दिवससुद्धा सुमारे अकरा तासांचा. इथल्या झाडाला टंचाई पडते ती पाण्याची, आणि ती ऑक्टोबरात नव्हे, तर जमिनीतली ओल संपल्यावर, जानेवारीनंतर. म्हणून आपली पानगळ माघ-फाल्गुनात होते. पिंपळ तेव्हा झडतो, सावर आणि पांगारा बोडके होऊन फुलतात.

त्यातच पुस्तकातले ऋतू तीन, चार-चार महिन्यांचे. त्या हिशेबानं ऑक्टोबर हिवाळ्यात पडतो. तिसरीतल्या मुलानं पंख्याखाली घामाघूम बसून ‘ऑक्टोबर ते जानेवारी – हिवाळा’ असं लिहायचं असतं. ते लिहितं बिचारं. परीक्षा असते.

माझं म्हणणं एवढंच, की आश्विन-कार्तिकाचे हे पाच-सहा आठवडे पुण्याच्या प्राथमिक वर्गासाठी वर्षातले सगळ्यांत श्रीमंत आठवडे आहेत आणि त्यांचं निम्मं साहित्य मुलांच्या घरातच पडून असतं. शाळेनं त्यात भर घालायची ती फूटपट्टीची, वहीची आणि एखाद्या बऱ्या प्रश्नाची.

सुरुवात गवतापासून करावी. या दिवसांत शहरात रंग बदलतो तो गवताचा. पर्वती, तळजाई, हनुमान टेकडी, वेताळ टेकडी – कुठल्याही टेकडीवर पाऊस थांबल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी जा, उतार हिरव्याचे तांबूस-सोनेरी झालेले असतात. त्यात बरंचसं कुसळी गवत असतं. परत येताना मोज्यांत आणि पायजम्यात घुसतात, चालताना टोचतात, ती त्याची कुसळं. आया ती चिमट्यानं उपटून केरात टाकतात. माझ्या मते ती डबीत भरून वर्गात न्यावीत.

एक कुसळ जवळून पाहा. टोकाला अणकुचीदार दाणा, त्यावर मागे वळलेली बारीक लव, आणि पाठीमागे लांब शेपूट. शेपटीचा खालचा भाग पीळ घातलेला असतो. ओल्या मातीचा घट्ट गोळा करून त्यात दाण्याचं टोक उभं खुपसायचं आणि शेपटीवर बोटानं पाण्याचा एक थेंब सोडायचा. काही क्षणांत शेपूट घड्याळाच्या काट्यासारखं फिरू लागतं. ओलं झालं की पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो. बाहेर टेकडीवर हेच काम रात्रीचं दव आणि दिवसाचं ऊन करतं. दाणा फिरत फिरत मातीत शिरतो, आणि उलट्या लवेमुळे मागे येऊ शकत नाही. गवताला हात नाहीत, तरी ते आपलं बी स्वतः पेरतं. गोळ्याखाली कागद ठेवून त्यावर वर्तुळ काढलं, बारा खुणा केल्या, तर शेपूट किती फिरलं हेही मोजता येतं. चौथीतल्या मुलांना कोन शिकवताना फळ्यावरच्या खडूपेक्षा हे कोन जास्त लक्षात राहतील, असं मला वाटतं.

तेरडा याच वेळी पिकतो. गौरी-गणपतीत त्याचं कौतुक झालेलं असतं, रंगही तीन दिवसांत उतरलेला असतो, आणि मग त्याच्याकडे कुणी पाहत नाही. खरी गंमत त्यानंतर. पिकलेली फुगीर शेंग दोन बोटांत हलकेच धरली की फटकन फुटते, सालीच्या पट्ट्या आत गुंडाळतात आणि बिया उडतात. जमिनीवर जुनी चादर पसरली की कुठलं बी किती लांब गेलं ते पट्टीनं मोजता येतं. पोरं यात शर्यती लावणारच, लावू द्याव्यात.

वर्ग टेकडीवर न्यायचा म्हटलं की परवानगीपत्रं, बस, पालकांचे फोन हे आलंच. पण मुलांना शाळेपर्यंत येता येत नसेल तर शाळेनं मुलांपर्यंत जावं, हा विचार महाराष्ट्रात जुना आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आधी बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचं काम केलं, त्यात ‘कुरणशाळा’ होती. गुरं राखणारी आदिवासी मुलं शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून शिकवणारी माणसं कुरणात गेली. महागडी माँटेसरी साधनं परवडणार नव्हती, तर गोटे, बिया, पानं, शंख-शिंपले यांवर काम भागवलं. पुण्यातल्या शाळेपासून जवळची टेकडी बहुधा कोसबाडच्या कुरणापेक्षा सोयीची असते. आणि तेही जमत नसेल तर शाळेच्या कुंपणाखाली गवत असतंच.

आता घरच्या साहित्याकडे येऊ. नवरात्रात पुण्यात भोंडला होतो. पाटावर हत्ती काढायचा, भोवती फेर धरायचा, गाणी म्हणायची आणि शेवटी खिरापत ओळखायची. हत्तीचा संबंध हस्त नक्षत्राशी. सूर्य सप्टेंबरच्या २६-२७ तारखेला हस्तात जातो, आणि त्या दिवसांतला धो-धो पाऊस म्हणजे हत्तीचा पाऊस. काही भागांत हाच खेळ हादगा म्हणून सोळा दिवस चालतो. शाळांत भोंडला आता ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ झाला आहे. मुलींनी परकर-पोलकं घालायचं, फोटो काढायचे, पालकांच्या गटावर टाकायचे. त्यात गणित आहे याकडे कुणाचं लक्ष नसतं.

जुन्या रिवाजात पहिल्या दिवशी एक गाणं आणि एक खिरापत, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन, अशी चढती भाजणी असते. नऊ दिवसांत एकूण खिरापती किती? तिसरीतली मुलं बोटांवर मोजतील, काही चुकतील. मग फळ्यावर एक ते नऊ लिहायचं आणि पहिल्याची जोडी शेवटच्याशी लावायची: एक-नऊ, दोन-आठ, तीन-सात, चार-सहा. चार वेळा दहा, मधे उरलेले पाच, झाले ४५. हादग्याच्या सोळा दिवसांच्या १३६. घरी आजीला हा आकडा सांगितला की ती बहुधा म्हणेल, ‘एवढं करायचो आम्ही? म्हणूनच तर आई वैतागायची.’

खिरापत ओळखणं हा तर वर्गीकरणाचा नमुनेदार पाठ आहे. झाकलेला डबा, आणि भोवती प्रश्नांचा भडिमार. ‘लाडू आहे का? चकली आहे का?’ असं एकेक नाव घेत जाणारी मुलगी दमते. ‘गोड की तिखट? तळलेलं की न तळलेलं? ओलं की कोरडं?’ असं विचारणारी लवकर पोचते. कारण प्रत्येक प्रश्न उरलेले पदार्थ साधारण निम्मे करतो. नेमके पाच प्रश्न विचारले तर ३२ पदार्थांतला एक सापडतो, दहा विचारले तर हजाराच्या वर. फळ्यावर त्याचे फाटे काढले की मुलांना कळतं, की चांगला प्रश्न म्हणजे काय. झाडं आणि पक्षी ओळखण्याची जाड पुस्तकं याच रीतीनं चालतात: पान साधं की संयुक्त, कडा अखंड की दातेरी. खिरापतीनंतर दुसऱ्याच दिवशी मैदानावरच्या पाच झाडांची अशी प्रश्नमाळ मुलांकडूनच करून घ्यावी.

नवरात्राचा आणखी एक फायदा असा, की ते अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतं. वर्गातल्या प्रत्येक मुलाला पंधरा चौकोनांचा एक कागद द्यायचा आणि रोज संध्याकाळी दिसेल तसा चंद्र काढायला सांगायचं. पहिला चौकोन बहुधा कोराच राहतो. दुसऱ्या-तिसऱ्या संध्याकाळी पश्चिमेला बारीक कोर, अष्टमीला सूर्य मावळताना अर्धा चंद्र डोक्याशी, दसऱ्याला चांगला फुगलेला आणि कोजागरीला सूर्य इकडे मावळतो तोवर पूर्ण चंद्र तिकडे उगवतो. शुक्लपक्षात चंद्र मुलांच्या झोपेआधी आकाशात असतो. वद्यपक्षात तो रोज जवळपास पाऊण तास उशिरा येतो आणि लवकरच झोपेच्या पलीकडे जातो. म्हणून हा उपक्रम याच पंधरवड्यात. ढगांनी दोन-तीन चौकोन खाल्ले तर तिथे ‘ढग’ असं लिहायचं. अंदाजानं चंद्र काढून ठेवणारी मुलं असतात, आणि काही आया तो काढूनही देतात. अर्धा चंद्र उलट्या बाजूला वळलेला दिसला की ओळखावं.

घटस्थापनेचं तर काय सांगावं! परडीत किंवा पत्रावळीवर काळी माती, त्यात गहू, ज्वारी आणि घरोघरच्या रीतीप्रमाणे आणखी धान्यं, वर घट. नऊ दिवसांत अंकुर वीतभर होतात आणि दसऱ्याला ते टोपीत किंवा पागोट्यात तुरा म्हणून खोवतात. देवघराच्या अंधाऱ्या कोनाड्यातले हे अंकुर पिवळसर असतात. का, हे मुलांना विचारा. मग वर्गात दोन डब्यांत सारखीच माती, सारखेच दाणे, सारखंच पाणी. एक डबा खिडकीत, दुसरा कपाटात. कुठला उंच होईल, यावर आधी हात वर करून मतं घ्यायची आणि फळ्यावर लिहायची. बहुतेक वर्ग खिडकीच्या बाजूनं जातो. आठवड्यानं मोजलं की कपाटातला लांब निघतो: फिकट, लुळा, पण लांब. उजेड सापडेपर्यंत रोप सगळी शिदोरी देठ वाढवण्यात घालतं आणि उजेडाशिवाय हिरवा रंग तयार होत नाही. ज्यांचा अंदाज चुकला त्यांना हा प्रयोग जास्त आठवतो.

पाटीपूजनाबद्दल थोडक्यात. पाटीवर एकाचे आकडे जोडून काढलेली सरस्वती हा सममितीचा सोपा धडा आहे. मधोमध आरसा धरायचा, डावं-उजवं जुळतं का पाहायचं. उलटा एक कुठून सुरू करायचा यावर पहिलीतली मुलं अडतात, तिथे जरा थांबावं.

दसऱ्याला आपट्याची पानं. बाजारात आपटा म्हणून जे विकलं जातं त्यात कांचनाची पानं सर्रास असतात. दोन्ही एकाच कुळातली, दोन्ही दुभागलेली. आपट्याचं पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदीला अधिक. कांचनाचं मोठं आणि पातळ. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांनी आपापलं ‘सोनं’ आणायचं, लांबी-रुंदी मोजायची आणि दोन ढीग करायचे. कुठला ढीग मोठा होतो ते पाहण्यासारखं असतं. फांद्याच्या फांद्या का तोडू नयेत, हे त्यानंतर वेगळं समजवावं लागत नाही. झेंडूही तेव्हाच स्वस्त होऊन घराघरात पडलेला असतो. एक फूल उकलून पाहिलं की लक्षात येतं, जिला आपण पाकळी म्हणतो ती प्रत्येक एक स्वतंत्र फूल आहे. हा आपला दसऱ्याचा झेंडू मूळचा मेक्सिकोचा, आणि तिथेही नोव्हेंबरच्या सुरुवातीला पितरांच्या सणाला तो ढिगांनी लागतो.

मैदानावर या दिवसांत संध्याकाळी चतुरांचे थवे उडतात. पोरं त्यांना हेलिकॉप्टर म्हणतात. शेपटीला दोरा बांधण्याचा दुष्टपणा आमच्या पिढीनंही केला आहे. त्यातली एक जात जगप्रवासी आहे. मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञानं २००९ साली मांडलं, की ऑक्टोबरात मालदीवच्या बेटांवर अचानक येणारे हे चतुर भारताकडून वाऱ्यावर स्वार होऊन येतात आणि पुढे पूर्व आफ्रिकेपर्यंत जातात. बेटांवर तर त्यांना अंडी घालायला गोडं पाणी जवळपास नाहीच, मग ते तिथे आले कुठून, या प्रश्नावरून हा शोध लागला. भूगोलाच्या तासाला नकाशावर पुणे, माले आणि आफ्रिकेचा किनारा जोडणारी रेघ ओढायला एवढं निमित्त पुरे.

मग येते सहामाही. तिला आता संकलित मूल्यमापन म्हणतात, पण पोटात गोळा तोच. ती संपली की किल्ले.

दिवाळीतला किल्ला हा सुट्टीतला खेळ मानला जातो. मला विचाराल तर सत्रातला सगळ्यांत मोठा प्रकल्प तोच आहे, आणि नशिबानं त्याला गुण नसतात. दगड, विटा, त्यावर गोणपाट, चिखलाचा लेप, वर अळीव किंवा मोहरी पेरायची आणि कुंभारवाड्यातून आणलेले मावळे उभे करायचे. हल्ली रस्त्याकडेला प्लास्टरचे तयार किल्ले विकायला असतात. घेणाऱ्यांनी घ्यावेत, पण मग त्याला किल्ला करणं म्हणू नये. अळीव भिजला की बुळबुळीत होऊन गोणपाटाला चिकटतो आणि चार-पाच दिवसांत हिरवा होतो. म्हणजे नरकचतुर्दशीला हिरवा गड हवा तर पेरणी कधी करायची, हा उलट मोजणीचा हिशेब आला. अर्ध्या उतारावर अळीव पेरायचा, अर्धा उघडा ठेवायचा, आणि शेवटी झारीनं पाणी ओतायचं. कुठला उतार वाहून जातो ते दिसतं. पाणी कुठे साचतं तेही दिसतं. गडावरची टाकी कुठे खोदायची हे ठरवणाऱ्यांनी असाच विचार केला असणार.

सगळ्यांत मजा मापाची. सिंहगड समुद्रसपाटीपासून साधारण १३०० मीटर, पुणे साधारण ५६०. म्हणजे शहराच्या वर गड सुमारे ७५० मीटर उठतो. एका सेंटिमीटरला दहा मीटर धरले, तर अंगणातला सिंहगड ७५ सेंटिमीटरचा. हे जमण्यासारखं आहे. आता कुंभारवाड्यातला मावळा घ्या, साडेसात सेंटिमीटरचा. या मापानं तो ७५ मीटर उंच झाला! खरा मावळा या गडावर जेमतेम पावणेदोन मिलिमीटरचा, मोहरीच्या दाण्याएवढा दिसायला हवा. पाचवीच्या मुलांना हे गणित घातलं की आधी हसू येतं, मग वाद होतो: मावळे काढून टाकायचे की गड वाढवायचा? मावळे राहतात, हे सांगायला नकोच. पण नकाशावरचं प्रमाण म्हणजे काय, ते कळून चुकतं.

२०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यातले शिवनेरी, लोहगड आणि राजगड हे तीन पुणे जिल्ह्यातले. सिंहगड त्या यादीत नाही, हे ऐकून पुण्याच्या मुलांचा जो चेहरा होतो तो पाहण्यासारखा असतो. राजगडाच्या तीन माच्या आणि मधला बालेकिल्ला मातीतून काढणं अवघड आहे, म्हणून निदान सहावी-सातवीच्या दादा-ताईंना मदतीला घ्यावं.

या सगळ्यांत एक काम असं आहे जे सप्टेंबरातच सुरू करून पुढे चालू ठेवावं लागतं: सावलीचं. मैदानावर एक मीटरची काठी ओळंब्यानं सरळ उभी करायची आणि दुपारी बारा ते पाऊण दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूची खूण करायची. २३ सप्टेंबरच्या सुमारास सगळ्यांत आखूड सावली ३३ सेंटिमीटरच्या आसपास भरते. पण ती बाराला नाही मिळत, साडेबाराच्या जरा आधी मिळते. मुलांना वाटतं आपलं घड्याळ चुकलं. घड्याळ बरोबरच असतं. भारताची प्रमाणवेळ ज्या रेखांशावर ठरली ती रेघ पुण्याच्या बरीच पूर्वेला, प्रयागराजजवळून जाते, आणि सूर्याला तिथून पुण्याच्या माथ्यावर यायला आणखी अर्धा तास लागतो.

दसऱ्याच्या सुमारास, ऑक्टोबरच्या मध्यावर, हीच सावली ५० सेंटिमीटरवर जाते. ऑक्टोबर संपता संपता ६४. सहा आठवड्यांत जवळपास दुप्पट. उकाडा तोच, पंखा चालूच, पण सूर्य दक्षिणेला सरकतो आहे हे काठी सांगते. ज्या शहरात १९२८ साली सिमल्याहून हवामान खात्याचं मुख्यालय आलं आणि त्याच्या इमारतीला लोक अजून ‘सिमला ऑफिस’च म्हणतात, तिथल्या शाळांत एक काठी आणि एक तक्ता असायला हरकत नसावी. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरते तेव्हा सावली ७५ च्या घरात असते, आणि २२ डिसेंबरच्या आसपास ९० ला टेकून थांबते. मग मागे फिरते.

संक्रांतीला मोजलं तर ती ८३ च्या आसपास आलेली असते. घरात सगळे म्हणत असतात, आजपासून उत्तरायण. वहीतला तक्ता म्हणतो, ते तीन आठवड्यांपूर्वीच सुरू झालं. दोन्ही तारखा एकत्र होत्या त्याला सुमारे १७०० वर्षं झाली. पृथ्वीचा आस फार सावकाश घुमतो आणि त्यामुळे नक्षत्रांवर बांधलेली संक्रांत हळूहळू पुढे सरकत गेली. हे सगळं चौथीला सांगावं की नाही, हे ज्या त्या बाईंनी ठरवावं. प्रश्न मात्र वर्गातून येईल, आणि तो तिळगूळ वाटता वाटताच येईल, तेव्हा उत्तर तयार ठेवलेलं बरं.